नवे मशीन बिघडले, तर वॉरंटीचा कागद काय कामाचा?

कारागीर बांधवांच्या घरांत आणि पोटमाळ्यांवर गेल्या काही वर्षांत शिलाईच्या मशीनचे रूप पालटले आहे. पायाने चालणारे काळे मशीन कोपऱ्यात गेले आणि त्याच्या जागी सर्वो मोटरवर चालणारे पांढरे मशीन आले. बाजारात त्याला सरसकट 'जुकी' म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. हे मशीन वेगात चालते, वीज कमी खाते, आवाजही कमी करते. किंमत मात्र एकरकमी देणे बहुतेकांना जमत नाही. मग कर्ज, हप्ता किंवा नातेवाइकांकडून उसनवारी. अशा मशीनने पहिल्याच महिन्यात दगा दिला तर काय होते, याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. मशीन बंद आणि हप्ता चालू.

जुने मशीन बिघडले तर गल्लीतला मिस्त्री तासाभरात खोलून बसवून देत असे. नव्या मशीनचे तसे नाही. ते वॉरंटीत आहे, म्हणून मिस्त्रीने हात लावायचा नाही. आणि कंपनीचा माणूस 'उद्या येतो' म्हणून आठवडा लावतो. म्हणजे वॉरंटी आहे म्हणूनच मशीन जास्त दिवस बंद, असा उलटा प्रकार! मी कापडाचा व्यापारी आहे. मिस्त्री नाही आणि वकीलही नाही. पण माझे कापड ज्या घरांत शिलाईला जाते तेथले मशीन थांबले की माझा मालही थांबतो. त्या निमित्ताने या विषयाची जी माहिती घ्यावी लागली, ती वाचकांच्या उपयोगी पडावी.

दोष मशीनचा की वापराचा?

तक्रार केली की विक्रेत्याचे पहिले उत्तर ठरलेले असते, "तुमच्या वापरण्यात चूक आहे." हे उत्तर नेहमीच खोटे असते असे नाही. म्हणून फोन करण्यापूर्वी आपल्या बाजूच्या गोष्टी आपण तपासून घ्याव्यात, म्हणजे समोरच्याच्या तोंडी ते वाक्य राहणार नाही.

सर्वात आधी सुई. एक सुईच्या कारखानी मशीनला डीबी जातीची सुई लागते आणि तिची लांब खाच डाव्या बाजूस ठेवावी लागते. सुई थोडी जरी फिरलेली बसली तरी टाका सुटतो. घरगुती मशीनची सुई यात चालत नाही. पातळ कापडाला ११ किंवा १४ नंबर आणि जाड कापडाला १६ किंवा १८ नंबर, हे शिवणाऱ्यांना ठाऊक असते. पण घाईत आहे तीच सुई चालवली जाते. दुसरे, तेल. नवे मशीन बहुधा कोरडे येते. खालच्या पॅनमध्ये खुणेपर्यंत तेल भरल्याशिवाय ते चालवले तर आतले भाग घासतात आणि हा दोष कंपनी आपल्या अंगाला लावून घेत नाही. पहिले काही दिवस पूर्ण वेग देऊ नये, असे माहितीपुस्तिकेतच छापलेले असते. ती पुस्तिका इंग्रजीत असते, कधी चिनी भाषेत. पण घरातल्या शाळकरी मुलाकडून एकदा वाचून घ्यायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट विजेची, आणि माझ्या मते सर्वात मोठी. आपल्या वस्त्यांत व्होल्टेज दिवसातून कितीदा वरखाली होते हे सांगायला नको. सर्वो मोटरच्या कंट्रोल बॉक्समध्ये इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. ती जळाली तर वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की विजेच्या दाबामुळे झालेले नुकसान हमीत येत नाही. अर्थिंग नसणे ही तर घरोघरची गोष्ट आहे. स्टॅबिलायझर आणि अर्थिंगचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा.

आता मशीनचा खरा दोष कोणता? सुई खालून वर येऊ लागली की साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास हूकचे टोक तिच्या खाचेपाशी यायला हवे, तरच धाग्याचा फास पकडला जातो. हे जुळणे कारखान्यातच चुकले असेल, हूकच्या शाफ्टला खेळ असेल, सुईची दांडी किंचित वाकडी असेल, दाते प्लेटला घासत असतील, तेल गळून कापडावर डाग पडत असतील, तर ती बनावटीची खोट होय. सुई, बॉबिन, बॉबिन केस, पट्टा, ओव्हरलॉकची चाकू-पाती हे झिजणारे भाग. ते सहसा हमीत नसतात आणि त्यावर भांडण्यात वेळ घालवू नये.

सोलापुरात शाळेच्या गणवेशांचे काम मोठे आहे आणि त्याचा सगळा जोर जूनच्या आधीच्या तीन महिन्यांत असतो. माझ्याकडून कापड नेणाऱ्या एका कारागिराने मार्चमध्ये कर्ज काढून दोन नवी मशीने घेतली. शिवणारे तिघे: तो, त्याची पत्नी आणि धाकटा भाऊ. एक मशीन ठीक चालले. दुसरे जाड शिवणीवर आले की टाका सोडायचे. विक्रेत्याचा माणूस आला, सुई बदलली, धाग्याचा ताण कमी-जास्त केला आणि कागदावर सही घेऊन गेला. चार दिवसांनी तेच. पुन्हा आला, म्हणाला कापडच खराब आहे. तिसऱ्यांदा म्हणाला करंट बरोबर नाही. शेजारचे मशीन त्याच कापडावर, त्याच करंटवर बिनतक्रार चालत होते, पण हे त्याला कोण विचारणार? अशात एप्रिल संपला.

शेजारचा मिस्त्री म्हणत होता, मी हूक खोलून दहा मिनिटांत टायमिंग लावून देतो. त्याने कदाचित दिलेही असते. पण हूकच्या स्क्रूवर कंपनीच्या रंगाची खूण असते. ती तुटली की हमी संपली असे सांगायला विक्रेता मोकळा. आम्ही त्याला थांबवले. पाच ओळींचे पत्र लिहिले: मशीनचा नंबर, बिलाचा नंबर व तारीख, बिघाड नेमका कधी होतो, कोणती सुई व कोणता धागा वापरला, शेजारच्या मशीनवर तोच माल कसा चालतो, कोणकोणत्या तारखांना तुमचा माणूस येऊन गेला आणि बदली मशीन न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ. सोबत मोबाइलवर काढलेले चित्रण. पत्र विक्रेत्याला आणि कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने गेले. दहाव्या दिवशी कंपनीचा मिस्त्री आला, शाफ्टला खेळ आहे हे त्याने स्वतःच दाखवले आणि मशीनचे पूर्ण हेड बदलून मिळाले. तोपर्यंत मे अर्धा उलटला होता आणि एका शाळेचे काम हातचे गेले होते. ते नुकसान कोणी भरून दिले नाही.

या प्रकरणात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विक्रेत्याच्या माणसाने पहिल्या भेटीत ज्या कागदावर सही घेतली त्यावर 'मशीन समाधानकारक चालू' असे छापलेले होते. सही करणाऱ्याने ते वाचले नव्हते; वाचायला दिलेही नव्हते. अशा कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या हाताने, मराठीत किंवा उर्दूत चालेल, 'टाका अजून सुटतो' एवढे लिहावे आणि त्याचा फोटो ठेवावा.

हमी देणारा कोण?

मशीनवर नाव एकाचे, आयात करणारा दुसरा, विकणारा तिसरा. वॉरंटी कार्डावर शिक्का मारतो तो विक्रेता आणि सुटे भाग येतात आयातदाराकडून. उद्या आयातदाराने ती एजन्सी सोडली तर काय? नाव तेच राहते, म्हणून हमीही राहते असे आपण धरून चालतो.

अमेरिकेतील एक उदाहरण या बाबतीत बोलके आहे. आपला त्या मालाशी संबंध नाही, पण धंद्याची गोष्ट सगळीकडे सारखीच. तिकडे 'लिव्हर अ‍ॅक्शन' नावाची रायफल शिकारीसाठी फार चालते. मुठीखालची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नळीतले नवे आत चढते. सगळा खेळ लहानलहान भागांच्या जुळणीचा. एक भाग केसभर चुकला तर काडतूस मध्येच अडकते. मार्लिन ही या रायफलीची जुनी कंपनी, कनेक्टिकट राज्यात १८७० मध्ये सुरू झालेली. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टन या मोठ्या कंपनीने ती विकत घेतल्याचे जाहीर झाले. २०१० मध्ये जुना कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि काम न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथे हलवले गेले. यंत्रे ट्रकमध्ये भरून नेता आली. पण ती जुनी यंत्रे कशी चालवायची, कोणता जोड किती घासायचा, हे ज्यांच्या हाताला ठाऊक होते त्या कामगारांपैकी बहुतेक मागेच राहिले. मग नव्या कोऱ्या रायफलींच्या तक्रारी सुरू झाल्या. नेमाची माशी तिरकी, लाकूड लोखंडाला नीट बसत नाही, काडतूस अडकते. नाव तेच, किंमत तीच. गिऱ्हाइकांनी दोन्ही नावे जोडून या मालाला 'रेमलिन' असे कुचेष्टेचे नावच पाडले.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे. २०२० मध्ये रेमिंग्टनचे दिवाळे निघाले आणि तिची एकेक मालमत्ता लिलावात गेली. मार्लिनचे नाव, यंत्रे आणि नकाशे रुगर कंपनीने सुमारे ३ कोटी डॉलरला घेतले. रुगरने घाई केली नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील आपल्या कारखान्यात जुळणी नव्याने बसवून पहिली रायफल डिसेंबर २०२१ मध्ये बाजारात आणली आणि आपल्या मालाचा नंबर 'आरएम' अक्षरांनी सुरू केला. मात्र आधीच्या मालकाने बनवलेल्या रायफलींची जबाबदारी तिने घेतली नाही. ज्याने २०१८-१९ मध्ये मार्लिनचे नाव पाहून रायफल घेतली, त्याच्याजवळचा हमीचा कागद तसाच राहिला. पाळणारा उरला नाही. (हाताचे कसब विकत घेता येत नाही, हे आपल्या जरीवाल्यांना आणि विणकरांना कोणी शिकवायला नको. पण कंपन्यांना हे कळायला कारखाना बुडवावा लागतो.)

तिथे ज्याची रायफल वॉरंटीत असते त्याची दुरुस्तीची रीतही पाहण्यासारखी आहे. तो ती स्वतः थेट परवानाधारक कंपनीकडे पाठवू शकतो. पार्सलमध्ये काडतूस ठेवायचे नाही. सोबतच्या चिठ्ठीत लिहायचे की बिघाड दर किती फैरींमागे होतो आणि काडतुसे कोणत्या बनावटीची होती. कानसने स्वतः काही घासायचे नाही. आणि तक्रारीआधी कडी पूर्ण खाली ओढली जाते की नाही हे पाहायचे, कारण अर्धवट ओढणाऱ्याच्या हातात चांगली रायफलही अडकते. म्हणजे आपल्या सुईच्या खाचेसारखेच झाले.

तेव्हा मशीन घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. हमी लेखी कोण देतो आणि त्याचा पत्ता कोणता? सुटे भाग कोणत्या शहरात शिल्लक असतात? दुरुस्तीला नेलेल्या मशीनचे दिवस वॉरंटीच्या मुदतीत वाढवून मिळतील काय? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेते हसतात. पण काही जण बिलावर तसे लिहूनही देतात, विशेषतः दोन-चार मशीनचे गिऱ्हाईक असेल तर. मला तरी शंभर रुपये कमी करून घेण्यापेक्षा ही एक ओळ लिहून घेणे फायद्याचे वाटते.

कायदा कोणाच्या बाजूने?

कायद्याच्या बाबतीत आपल्या लोकांत एक ठाम समज आहे की, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही. हे अर्धेच खरे आहे आणि अर्धवट माहितीमुळे कित्येक कारागीर आपला हक्क सोडून बसतात.

कायदा असा आहे की, व्यापारी हेतूने माल घेणारा 'ग्राहक' नाही. परंतु स्वतःच्या हाताने काम करून केवळ आपली रोजी कमावण्यासाठी जो वस्तू घेतो, त्याचा हेतू व्यापारी मानला जात नाही. हा खुलासा १९८६ च्या कायद्यात १९९३ मध्ये घालण्यात आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात त्याचा अर्थ सविस्तर सांगितला. तो वादही मशीनचाच होता. त्यात लक्ष्मी इंजिनिअरिंगला ग्राहक मानले गेले नाही. पण निकालात दिलेली उदाहरणे आपल्या कामाची आहेत: जो स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेतो तो ग्राहक, जो स्वतः काम करून पोट भरण्यासाठी लेथ किंवा दुसरे मशीन घेतो तोही ग्राहक. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून हा हक्क जात नाही. पुढे १९९७ च्या चीमा इंजिनिअरिंगच्या निकालात कुटुंबातील माणसांचे कामही या स्वयंरोजगारात धरले गेले. २०१८ मध्ये फोटो छपाईचे मशीन घेणाऱ्या भागीदारांनाही, ते स्वतःच्या रोजीसाठी होते म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मानले. मात्र हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते. तक्रारीत 'हे मशीन मी स्वतः चालवतो आणि यावरच माझे घर चालते' हे स्पष्ट लिहिले नाही, तर समोरचा वकील तेवढ्यावरच तक्रार उडवून लावू पाहतो.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूंच्या तक्रारी तेथे चालतात, म्हणजे आपली सगळी मशीने त्यात आली. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कंपनी दिल्लीची असो वा कोइमतूरची, नव्या कायद्याने आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत, आणि मशीनची तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांत लावावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो हे उघड आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. काही कंपन्या तेवढ्यानेही हलतात. आयोग मशीन तपासणीसाठी पाठवू शकतो, म्हणूनही ते खोलू नये. खोललेल्या मशीनची खोट मूळची की नंतरची, हे तपासणाराही सांगू शकत नाही.

पण हे सगळे बिलावर उभे आहे. करातले चार पैसे वाचवण्यासाठी साध्या चिठ्ठीवर मशीन घेणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांना सांगून सांगून मी थकलो! बिल नसेल तर वॉरंटी कार्डाला अर्थ नाही, बँकेला दाखवायला पुरावा नाही आणि आयोगापुढे उभे राहायला जागा नाही.

ज्यांच्याकडे वीस-पंचवीस मशीने व पगारी माणसे आहेत त्या कारखानदारांना ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही. त्यांच्यासाठी १९३० चा माल विक्री कायदा आहे. आपले काम कोणते हे सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या कामास योग्य असला पाहिजे, अशी अट कायदाच धरून चालतो. पण केवळ छाप्याचे नाव सांगून मशीन मागितले तर हा आधार सुटतो. म्हणून ऑर्डरमध्ये 'डेनिम शिवण्यासाठी' किंवा 'रेक्झिनच्या पिशव्यांसाठी' असे लिहावे. माल आल्यावर तपासून, खोट दिसल्यास लगेच लेखी कळवावे. वाजवी मुदत गप्प राहिल्यास माल स्वीकारला असे मानले जाते. किंमत उधार असेल तर खोटीमुळे झालेले नुकसान देण्यातून वळते करून मागता येते. आणि वाद ३ लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर, तातडीचा मनाई हुकूम नको असल्यास, दावा लावण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करावा लागतो. तेथे समझोता झाला तर त्याला लवादाच्या निवाड्याइतकाच जोर असतो.